परक्या लॅपटॉपवर मॅकओएस: हॅकिंटॉशची पार्श्वभूमी

जून २०२५ मध्ये अ‍ॅपलनं जाहीर केलं की 'टाहो' ही इंटेल प्रोसेसरवर चालणारी मॅकओएसची शेवटची आवृत्ती. इंटेल मॅक बाळगणाऱ्यांनी ही बातमी ऐकलीच, पण त्यांच्याइतकीच ती मनावर घेतली आणखी एका जमातीनं. ही मंडळी डेल, एचपी, लेनोव्होचा लॅपटॉप घेतात, त्यातलं विंडोज पुसून टाकतात आणि त्यावर मॅकओएस चालवतात. या उद्योगाला हॅकिंटॉश म्हणतात.

त्याचा इतिहास बहुतेकदा कुलूप-किल्लीच्या भाषेत सांगितला जातो. अ‍ॅपलनं कुलूप लावायचं, कुणीतरी ते उघडायचं, अ‍ॅपलनं नवं लावायचं. हे खोटं नाही, पण अर्धवट आहे. कुलपं दर वेळी फार लवकर उघडली. तुमचा लॅपटॉप मॅकओएस चालवेल की नाही हे ठरायचं ते भलत्याच गोष्टीवर: त्याच्या आतला प्रोसेसर, ग्राफिक्स, वायफाय कार्ड अ‍ॅपलनं कधीतरी आपल्या एखाद्या मॅकमध्ये वापरलं होतं का? वापरलं असेल तर तो भाग चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, आयता मिळे. नसेल तर कितीही कुलपं उघडा, पडद्यावर अंधार.

सगळ्यात जुन्या प्रकरणात तर अ‍ॅपलचा भाग मॅकमधून हातानं काढून बसवावा लागत असे. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या आउटबाउंड नावाच्या कंपनीनं मॅकची सिस्टीम चालवणारा लॅपटॉप काढला. अ‍ॅपलचा स्वतःचा मॅकिंटॉश पोर्टेबलही त्याच वर्षीचा, पण तो सात किलोंहून जड. आउटबाउंड त्याच्या निम्म्याला थोडा जास्त. मेख अशी की मॅकच्या प्रणालीचा मोठा हिस्सा तेव्हा रॉम चिपमध्ये असायचा आणि ती चिप अ‍ॅपल सुटी विकत नसे. मग गिऱ्हाइकानं एखादा मॅक प्लस किंवा एसई उघडायचा, त्याच्या रॉम चिपा उपटायच्या आणि आउटबाउंडमध्ये बसवायच्या. ज्या मॅकमधून त्या निघाल्या तो अर्थातच तिथंच संपला. म्हणजे एक लॅपटॉप जिवंत करायला एका मॅकचा बळी.

१९९२ मध्ये अ‍ॅपल आणि नॉव्हेल यांनी मिळून मॅकची तेव्हाची प्रणाली, सिस्टीम ७, इंटेलच्या ४८६ प्रोसेसरवर चालवून दाखवली होती. 'स्टार ट्रेक' असं त्या प्रकल्पाचं नाव. पुढच्याच वर्षी तो गुंडाळला गेला. १९९५ पासून अ‍ॅपलनं पॉवर कम्प्युटिंग, युमॅक्स, मोटोरोला अशांना मॅकच्या नकला बनवायचे रीतसर परवाने दिले. या कंपन्यांनी नवी गिऱ्हाइकं आणण्याऐवजी अ‍ॅपलचीच पळवली. १९९७ मध्ये परत आलेल्या स्टीव्ह जॉब्सनं परवाने सिस्टीम ७ पुरतेच आहेत हे हेरलं, ७.७ म्हणून येऊ घातलेल्या आवृत्तीचं नामकरण मॅकओएस ८ असं केलं आणि पॉवर कम्प्युटिंगचा मॅकचा धंदा सुमारे १० कोटी डॉलरच्या शेअरांच्या बदल्यात विकत घेऊन टाकला. अधिकृत नकलांचा अध्याय तिथं मिटला.

पण त्याच सुमारास पुढच्या प्रकरणाचं बी अ‍ॅपलच्या घरातच पडलं होतं. डिसेंबर १९९६ मध्ये अ‍ॅपलनं जॉब्सची नेक्स्ट ही कंपनी विकत घ्यायचं ठरवलं. तिची प्रणाली १९९३ पासूनच साध्या इंटेल पीसीवर चालत होती आणि तिच्यातूनच पुढे मॅक ओएस टेन घडली. बाहेर विकली जाणारी आवृत्ती पॉवरपीसी या मॅकमधल्या तेव्हाच्या प्रोसेसरची, पण मुळात इंटेलची सवय अंगी होतीच.

२००० साली जॉन शाइनबर्ग या अ‍ॅपलच्या अभियंत्याला घरगुती कारणासाठी कॅलिफोर्निया सोडून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जायचं होतं. घरबसल्या एकट्यानं करता येईल असं काम हवं म्हणून त्यानं मॅक ओएस टेन इंटेलवर उतरवायला घेतली. साधारण दीड वर्षानं वरिष्ठांनी ती पीसीवर चालताना पाहिली आणि ते चाट पडले. पुढे सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख झालेले बर्ट्रांड सेर्ले यांनी विचारलं, सोनीच्या व्हायोवर हे बसवायला किती वेळ लागेल? दोन-तीन तास, असं उत्तर आलं. लगेच दुकानातून सर्वांत महागडा व्हायो आणवला गेला आणि संध्याकाळपर्यंत त्यावर मॅक ओएस चालू झाली. शाइनबर्ग यांच्या पत्नीनं २०१२ मध्ये ही हकिगत जाहीरपणे लिहिली.

तिला दुजोरा देणारी आठवण जपानकडून आली. सोनीचे माजी अध्यक्ष कुनिताके आंदो यांनी सांगितलं की २००१ मध्ये हवाईत सोनीचे अधिकारी गोल्फ आटोपून आले तर समोर जॉब्स उभा, हातात मॅक ओएस चालणारा व्हायो. जो माणूस नकलांचे परवाने चार वर्षांपूर्वी बंद करून मोकळा झाला होता, तो स्वतःहून परक्या लॅपटॉपवर आपली प्रणाली द्यायला तयार होता. सोनीनं नकार दिला. व्हायोचा विंडोजवरचा धंदा तेव्हा नुकता जोर धरत होता. दोन्ही आठवणींतले तपशील तंतोतंत जुळत नाहीत, पण मुद्दा दोन्हीकडे तोच आहे. पहिला खराखुरा हॅकिंटॉश लॅपटॉप अ‍ॅपलच्याच कचेरीत तयार झाला होता.

६ जून २००५ रोजी जॉब्सनं अ‍ॅपल इंटेलकडे जात असल्याचं जाहीर केलं आणि ही प्रणाली पाच वर्षं गुपचूप दुहेरी आयुष्य जगत होती हेही कबूल केलं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या सोयीसाठी ९९९ डॉलर भाड्यानं एक चाचणी यंत्र मिळू लागलं. बाहेरून पॉवर मॅक जी५ ची पेटी, आत मात्र सरळसोट पेंटियम ४ चा पीसी. अ‍ॅपलचे विपणनप्रमुख फिल शिलर यांनी तेव्हाच स्पष्ट केलं होतं की अ‍ॅपलखेरीज दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर ही प्रणाली चालू देणार नाही. त्या चाचणी यंत्रातली प्रणाली काही आठवड्यांतच फुटली आणि ऑगस्टपर्यंत लोकांच्या घरच्या पीसीवर चालू लागली.

जानेवारी २००६ मध्ये पहिले इंटेल मॅक बाजारात आले, त्यांतलं संरक्षण जरा अधिक विचारपूर्वक केलेलं होतं. फाइंडर, डॉक असे नेमके काही प्रोग्रॅम डिस्कवर कूटबद्ध करून ठेवलेले असत. ते चालवायला लागणारी किल्ली मॅकच्या एसएमसी नावाच्या नियंत्रक चिपकडून यायची. ती किल्ली म्हणजे आमची मेहनत चोरू नका अशा अर्थाचं इंग्रजीतलं सलग वाक्य. उलगडा करणाऱ्या भागाचं नावच 'डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स', आणि प्रणालीत कुठंतरी एक पाच ओळींची वात्रटिकाही दडवलेली होती. वकिलांआधी अभियंत्यांनी कोपरापासून हात जोडून केलेली ही विनंती मला आजही लोभस वाटते. टीपीएम ही सुरक्षेची चिप हेच अ‍ॅपलचं कुलूप अशी तेव्हा वदंता होती. अमित सिंग यांनी २००६ च्या ऑक्टोबरमध्ये आतली रचना उलगडून दाखवत ती खोडून काढली. तोवर मॅक्सस या टोपणनावाच्या कुणीतरी नव्या आवृत्तीचंही कुलूप काढलं होतं, तेही पहिला इंटेल मॅक आल्यापासून साधारण महिन्याभरात.

पुढची काही वर्षं तयार डीव्हीडींची. जस, कॅलीवे, आयॅटकॉस, आयडेनेब अशा नावांच्या या डीव्हीडींमध्ये कुणीतरी आधीच ठोकपीट करून ठेवलेली प्रणाली असे. चालली तर चालली, पण अ‍ॅपलचा पहिला अपडेट टाकला की बोऱ्या वाजला. उपाय निघाला तो प्रणालीला हात न लावता तिच्या आधी सुरू होणाऱ्या बूटलोडरमध्ये सगळी नाटकं करायची, हा. डेव्हिड एलियट यांच्या बूट-१३२ नं ही दिशा दाखवली. चॅमेलिअन, मग क्लोव्हर आणि २०१९ पासून ओपनकोर यांनी ती पुढे नेली. खऱ्या एसएमसीऐवजी किल्ली पुरवणारा नकली एसएमसीही मिळू लागला. मग कुलपाचा प्रश्न उरला नाही, उरला तो हार्डवेअरचा.

आणि हार्डवेअरचा प्रश्न लॅपटॉपवर सगळ्यात अवघड. डेस्कटॉपवर ग्राफिक्स कार्ड जमलं नाही तर दुसरं आणून खोचता येतं. लॅपटॉपमध्ये बहुतेक सगळं मदरबोर्डाला चिकटवलेलं.

म्हणूनच २००८ सालचा डेलचा इन्स्पिरॉन मिनी ९ या मंडळींचा लाडका ठरला. ८.९ इंचांचा पडदा, १.६ गिगाहर्ट्झचा अ‍ॅटम प्रोसेसर, पंखाच नाही, किंमत ३४९ डॉलरपासून. त्याच वर्षी आलेला मॅकबुक एअर १,७९९ डॉलरचा. मिनी ९ मधली जीएमए ९५० ही ग्राफिक्स चिप २००६ च्या पहिल्या मॅकबुकमध्ये होती तीच. वायफाय ब्रॉडकॉमचं, अ‍ॅपलही ब्रॉडकॉमच वापरायची. सगळं आयतं जुळलं. झाकण मिटलं की झोपायचा, उघडलं की जागा व्हायचा, आणि हॅकिंटॉश लॅपटॉपकडून एवढी अपेक्षा तेव्हा कुणी करतही नसे. कीबोर्ड मात्र इतका चिमुकला की इंग्रजी अवतरणचिन्हाची कळ भलत्याच जागी जाऊन बसलेली. ५०० डॉलरमध्ये कचरा नसलेला संगणक आम्हाला बनवता येत नाही, असं जॉब्स त्याच ऑक्टोबरमध्ये म्हणाला होता, आणि नेमक्या त्याच महिन्यांत लोक त्याचीच प्रणाली या डेलवर चालवत बसले होते. नोव्हेंबर २००९ मध्ये आलेल्या १०.६.२ आवृत्तीत अ‍ॅटमचा आधार गेला. ही मुद्दाम मारलेली पाचर होती की सफाई, यावर बरेच वाद झाले. अ‍ॅपलनं एकाही मॅकमध्ये अ‍ॅटम वापरलाच नव्हता, तेव्हा मला तरी सफाईच वाटते.

मिनी ९ चं सुख इतरांच्या नशिबी नव्हतं. साधी बॅटरी घ्या. ती किती उरली हे लॅपटॉपमधला एक छोटा नियंत्रक सांगतो, आणि तो काय सांगतो याचं कोष्टक डीएसडीटी नावाच्या तक्त्यात असतं. विंडोज त्यातला १६ बिटांचा आकडा सरळ वाचतं. मॅकओएसचा ड्रायव्हर एका वेळी ८ बिटांपलीकडे जात नाही. मग हा तक्ता बाहेर काढायचा, त्यातला प्रत्येक मोठा आकडा ८-८ बिटांच्या तुकड्यांत फोडायचा, वाचणाऱ्या प्रत्येक ओळीत ते पुन्हा जोडायचे, तक्ता संकलित करायचा आणि बूटलोडरच्या हवाली करायचा. एवढं केल्यावर कोपऱ्यात बॅटरीची टक्केवारी दिसते. रिहॅबमॅन या टोपणनावानं लिहिणाऱ्या एका माणसानं एचपी प्रोबुक आणि इतर लॅपटॉपांसाठी अशा दुरुस्त्यांचे अक्षरशः ढीग रचले. २०१९ च्या आसपास तो लिहायचा थांबला, तरी त्याच्या पाककृती अजून चालतात.

वायफायची तऱ्हा निराळी. इंटेलचं वायफाय अ‍ॅपलनं कधी वापरलंच नाही, त्यामुळे बहुतेक लॅपटॉपांतलं कार्ड निकामी. ते काढून ब्रॉडकॉमचं बसवावं, तर एचपीच्या बायॉसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, मंजूर कार्डांची यादी. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की चालू होतानाच '१०४' ची सूचना, थिंकपॅडवर '१८०२'. हे कुलूप अ‍ॅपलचं नव्हे, लॅपटॉप बनवणाऱ्यांचं! ज्यांत एनव्हीडियाचं वेगळं ग्राफिक्स इंटेलच्या जोडीला असे, त्यांना ते सरळ बंद करून टाकावं लागे, कारण पैसे मोजलेली ती चिप मॅकओएसखाली बॅटरी खाण्यापलीकडे काही करत नसे.

इतका खटाटोप का, असा प्रश्न पडतो. हौस हे एक कारण. दुसरं रोकडं: मार्च २००८ मध्ये आयफोनसाठी अ‍ॅप लिहायची साधनं आली आणि ती फक्त मॅकवर चालत. पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलाजवळ वडिलांनी घेऊन दिलेला विंडोजचा लॅपटॉप असताना वर मॅकचे पैसे कोण देणार?

कायद्याच्या बाजूनं बोलायचं तर अ‍ॅपलच्या परवान्यात ही प्रणाली अ‍ॅपलच्याच संगणकावर चालवायची अट कायम आहे. कोर्टात गाजलेली लढाई झाली ती विकणाऱ्याशी. फ्लोरिडातल्या सायस्टार कंपनीनं एप्रिल २००८ मध्ये मॅक ओएस घातलेला पीसी विकायला काढला. जुलैत अ‍ॅपलनं दावा ठोकला, नोव्हेंबर २००९ मध्ये न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांनी कॉपीराइटभंग मान्य केला आणि २०११ मध्ये अपिलातही तो निकाल टिकला. दुकान थाटायची हिंमत त्यानंतर फारशी कुणी केली नाही.

उतरण लागली ती कोर्टामुळे नव्हे. २०१८ च्या मोहावे या आवृत्तीपासून एनव्हीडियाच्या नव्या कार्डांचे ड्रायव्हर मिळायचे थांबले. २२ जून २०२० रोजी अ‍ॅपलनं स्वतःच्या चिपकडे जायची घोषणा केली आणि नोव्हेंबरात एम१ आली. इंटेलच्या दहाव्या पिढीची आइस लेक चिप त्या वर्षीच्या मॅकबुकमध्ये होती, म्हणून त्या पिढीचे लॅपटॉप चालतात. अकराव्या पिढीची टायगर लेक एकाही मॅकमध्ये गेली नाही, म्हणून तिच्या ग्राफिक्सला ड्रायव्हर नाही आणि तो लॅपटॉप कुणाच्याही कौशल्यानं नीट चालत नाही. कुठलंही कुलूप मध्ये न येता दार बंद.

या घसरणीतही गमती घडल्या. २०२० मध्ये ओपनबीएसडीच्या आधारावर इंटेल वायफायचा ड्रायव्हर कुणीतरी लिहिला. २०२३ च्या सोनोमा आवृत्तीनं जुन्या ब्रॉडकॉमचा आधार काढला, तेव्हा लोकांनी चढ्या भावानं घेतलेली कार्डं पडून राहिली आणि खोक्यात टाकलेली इंटेलची पुन्हा लॅपटॉपमध्ये गेली. ओपनकोरचा दुसरा उपयोग निघाला तो अ‍ॅपलनं वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या अस्सल मॅकवर नवी प्रणाली घालायला.

टाहो चालते ती चारच इंटेल मॅकांवर, आणि त्या चारही यंत्रांत आवाजाचं काम अ‍ॅपलच्या टी२ चिपकडे आहे. जुन्या धाटणीच्या आवाजाच्या चिपसाठीचा ड्रायव्हर अ‍ॅपलला लागेनासा झाला, म्हणून तो प्रणालीतून काढून टाकला. इतकी वर्षं हॅकिंटॉश लॅपटॉपांचे स्पीकर त्याच ड्रायव्हरला फसवून वाजत होते. आता काहीजण काढलेला ड्रायव्हर जुन्या आवृत्तीतून उचलून परत चिकटवतात, तर काहींनी चॅमेलिअनच्या जमान्यातला खरखरणारा व्हूडूएचडीए हा ड्रायव्हर पुन्हा बाहेर काढला आहे.