हेड गॅस्केट बदलायचं ठरवण्यापूर्वी

मे महिन्यात ओंकारेश्वर किंवा महेश्वर करून इंदूरला परतताना गाडीला घाट चढावा लागतो. पाच माणसं, मागे सामान, एसी सुरू. अशा चढावर तापमानाचा काटा लाल रेषेकडे जातो आणि ‘आता घर आलंच’ म्हणून गाडी तशीच शहरापर्यंत आणली जाते. दर उन्हाळ्यात अशा गाड्या आमच्या गॅरेजमध्ये येतात. त्यांतल्या काहींचं हेड गॅस्केट गेलेलं असतं, काहींचं नसतं. हा फरक तुमच्या खिशाला फार मोठा आहे, म्हणून हे पत्रक.

इंजिनचे दोन मोठे भाग असतात: खाली ब्लॉक, वर हेड. त्यांच्यामध्ये जे पातळ गॅस्केट बसतं, त्याला एकाच वेळी तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. सिलिंडरमधला जळता वायू, भोवती फिरून इंजिन थंड ठेवणारं कूलंट आणि दाबाखालचं ऑइल. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत ते पोलादाच्या पातळ पत्र्यांचे थर एकावर एक ठेवून केलेलं असतं. ते सहसा आपणहून खराब होत नाही. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि तापल्यावर ॲल्युमिनियम बीडापेक्षा (बऱ्याच ब्लॉकचं ओतीव लोखंड) जवळपास दुप्पट पसरतं. इंजिन प्रमाणाबाहेर तापलं की हेडला बाक येतो, बोल्टांची पकड सैल पडते आणि गॅस्केटला वाट सापडते.

म्हणूनच ‘नवं गॅस्केट बसवून द्या’ असं कुणी म्हटलं तर आमचा पहिला प्रश्न असतो, गाडी तापली कशामुळे? थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप) अडकला होता, पंखा फिरत नव्हता, वॉटर पंप गळत होता, की रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग ढिली होती? आपल्याकडे बोअरिंगचं जड पाणी वर्षानुवर्षं टाकून आतून चुन्याने भरलेले रेडिएटर आम्ही खूप पाहिले आहेत. हे कारण तसंच ठेवून नवं गॅस्केट बसवलं, तर तेही जाणार.

लक्षणं तुम्हाला घरीही दिसू शकतात. बाहेर कुठेही गळती नसताना कूलंट कमी होत राहणं (ड्रायव्हर म्हणतो, ‘गाडी पानी पी रही है’). इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर. सकाळी स्टार्ट करताच एखादा सिलिंडर मिस होणं. कूलंटच्या टाकीत थांबून थांबून बुडबुडे. ऑइलचा रंग दूध घातलेल्या कॉफीसारखा होणं. यातल्या शेवटच्या लक्षणावर एकट्यावर विश्वास ठेवू नका. थंडीत गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल, तर ऑइलच्या झाकणाखाली वाफ साचूनही तशीच पांढरट साय जमते. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर घाबरायचं कारण नसतं.

म्हणून हेड उतरवण्याआधी आम्ही तपासतो. कूलंटला दाब देऊन गळती बघतो, प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) मोजतो आणि रेडिएटरच्या तोंडाशी निळं द्रावण धरतो. कूलंटमध्ये जळलेला वायू मिसळत असेल तर ते निळ्याचं पिवळं होतं. ही तपासणी तुमच्या समोर होईल. आधी बघायचं, मगच उघडायचं.

काम मोठं आहे ते गॅस्केटच्या किमतीमुळे नाही. गॅस्केट स्वतः फार महाग नसतं, तिथवर पोचायला मजुरी लागते. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय आम्ही हेडच्या बोल्टांना पाना लावत नाही, कारण गरम हेड सैल केलं तर त्यालाच बाक येतो. मग उतरवायचे मॅनिफोल्ड (हवा आणि धुराचे जोडनळ), टायमिंग बेल्ट किंवा चेन, आणि शेवटी हेड. त्यावर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवायचा. अनेक छोट्या इंजिनांत चालणारा बाक ०.०५ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे केसाहूनही बारीक असतो. त्याहून जास्त असेल तर हेड फेसिंगला (मशीनवर सपाट करायला) जातं आणि तडा आहे का हे दाब देऊन पाहिलं जातं. इथे दोन-तीन दिवस जातात. घाई करू नका, ही आमची मनापासूनची विनंती आहे.

बसवतानाची दोन कामं कुणाला दिसत नाहीत. ब्लॉकमधल्या बोल्टांच्या भोकांतलं पाणी-ऑइल पूर्ण काढावं लागतं, नाहीतर बोल्ट आवळताना आतल्या द्रवाच्या दाबाने ब्लॉक फुटू शकतो. आणि बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने (मोजून जोर लावणाऱ्या पान्याने) आवळायचे, मग कंपनीने दिलेल्या अंशांइतके आणखी फिरवायचे. असे बोल्ट एकदा ताणले गेले की बऱ्याच गाड्यांत पुन्हा वापरता येत नाहीत. नवे बोल्ट बिलात दिसले तर तो वाढवलेला खर्च समजू नका. ऑइल आणि फिल्टरही बदलतो, कारण कूलंट मिसळलेलं ऑइल बेअरिंग खातं.

पक्का आकडा आम्ही हेड उतरवल्यानंतरच सांगतो. आधी सांगितलेला अंदाज लिहून देतो. मोजलेला बाक बिलावर लिहितो आणि जुनं गॅस्केट तुमच्या हातात देतो.

रस्त्यात काटा चढला तर एसी बंद, खिडक्या उघड्या, हीटर पूर्ण सुरू आणि पहिल्या सुरक्षित जागी गाडी उभी करून इंजिन बंद. हीटरमधून थंड हवा येत असेल तर कूलंट फार खाली गेलं आहे. अशा वेळी काटा खाली आला तरी भरवसा ठेवू नका, कारण सेन्सरपर्यंत पाणीच पोचत नसतं. झाकण गरम असताना उघडू नका आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका. टो करून आणण्याचा खर्च नव्या हेडपेक्षा फार कमी आहे.

गाडी आणाल तेव्हा एवढं सांगा: काटा कुठे चढला, त्यानंतर किती किलोमीटर चालवली, कूलंट टाकलं की नुसतं पाणी, आणि गळती बंद करणारी पावडर किंवा द्रव कुणी घातलाय का. घातला असेल तर संकोच न करता सांगा, आम्हाला रेडिएटर आणि हीटर आधी धुवावे लागतील.