प्रोसेसरची वाटणी: वजन की मर्यादा?

समजा, नाशिकमधल्या एका कॉलेजात एकाच लिनक्स सर्व्हरवर निकालाची वेबसाइटही चालते आणि चाळीस विद्यार्थ्यांची प्रॅक्टिकल्सही. ऐन निकालाच्या दिवशी कुणाच्या तरी चुकलेल्या लूपमधून शेकडो प्रोसेस (म्हणजे चालू असलेले प्रोग्राम) सुटतात. प्रत्येक प्रोसेस स्वतंत्र वाटेकरी धरली, तर वेबसाइट रखडणारच. विद्यार्थ्याला कशाला रागवायचं? चुकतच तो शिकणार. वाटणीचा नियम आधीच घालायला हवा होता.

त्याची सोय लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, 2008 पासून आहे. गूगलच्या अभियंत्यांनी 2006 मध्ये सुरू केलेलं हे काम आज ‘सीग्रुप’ नावाने ओळखलं जातं. प्रोसेसचे गट करायचे, गटांत उपगट करायचे आणि प्रत्येकाला वजन, म्हणजे वाटणीतलं प्रमाण, द्यायचं. 2016 मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ते 1 ते 10000 असतं. काहीच सांगितलं नाही तर 100.

वजनाची तुलना फक्त एकाच पालकाखालच्या, म्हणजे एकाच वरच्या गटातल्या, गटांमध्ये होते, आणि सगळी खुबी इथेच आहे. वेबसाइट 100, विद्यार्थी 100, म्हणजे ओढाताणीच्या वेळी निम्मं-निम्मं. विद्यार्थ्यांच्या निम्म्यात चाळीस उपगट, म्हणजे प्रत्येकी सव्वा टक्का. उद्या साठ विद्यार्थी आले तरी वेबसाइटचा वाटा शाबूत. दिंडोरी तालुक्यात वाघाड धरणाचं पाणी आधी पाणी वापर संस्थेला आणि मग तिच्या सभासदांना मिळतं, तसंच हे. शिवाय वेबसाइट निवांत असेल, तर तिचा वेळ विद्यार्थी खुशाल वापरतात.

दुसरा नियम कमाल मर्यादेचा, आणि तो बेतानेच वापरावा असं माझं ठाम मत आहे. मर्यादा म्हणून ‘20000 100000’ (दोन्ही आकडे मायक्रोसेकंदांत) असं लिहिलं, तर दर 100 मिलिसेकंदांत गटाला प्रोसेसरची 20 मिलिसेकंदं मिळतात. पण प्रोग्रामचे चार धागे (थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे भाग) प्रोसेसरच्या चार कोरवर एकदम धावले, तर पाच मिलिसेकंदांतच कोटा संपतो. उरलेली 95 मिलिसेकंदं गट गोठून बसतो, बाकीचं मशीन रिकामं असलं तरी! वरच्या गटाची मर्यादा तर खालच्या सगळ्यांना मिळून लागू होते, त्यामुळे उपगटाला कितीही मोठा आकडा दिला तरी उपयोग नाही.

म्हणून वेबसाइट अडखळत असेल, तर आधी गटाच्या ‘सीपीयू.स्टॅट’ फाइलमध्ये ‘थ्रॉटल्ड’चा, म्हणजे मर्यादेमुळे गट रोखला गेल्याचा, आकडा बघावा. तो वाढत असेल, तर वजनात फेरफार करत बसू नये; आधी त्या गटाची आणि त्याच्या वरच्या प्रत्येक गटाची मर्यादा तपासावी.