द मामाज अँड द पापाज

अमेरिकन पॉप गायकवृंद. कार्यकाळ सामान्यतः १९६५–६८ असा धरला जातो. १९७१ मध्ये केवळ कराराची पूर्तता म्हणून निघालेली ध्वनिमुद्रिका हिशेबात घेतली, तर तो थोडा लांबतो. जॉन फिलिप्स (१९३५–२००१), त्याची पत्नी मिशेल फिलिप्स (१९४४– ), डेनी डोहर्टी (१९४०–२००७) आणि कॅस एलियट (मूळ नाव एलन नेओमी कोहेन, १९४१–७४) हे चार आवाज म्हणजेच हा वृंद. त्यातला डोहर्टी कॅनडातील हॅलिफॅक्सचा, तेव्हा ‘अमेरिकन’ हे विशेषण जरा सैल अर्थानेच घ्यायला हवे. नावातला ‘मामा’ हा आईचा भाऊ नव्हे, हेही मराठी वाचकासाठी नोंदवून ठेवलेले बरे.

नावाची कथा बहुतेक ठिकाणी सारखीच सांगितली जाते. दूरचित्रवाणीवर हेल्स एंजल्स या मोटरसायकलस्वार टोळीतल्या कुणाची तरी मुलाखत चालू होती. आमच्यातल्या बायकांना आम्ही ‘मामा’ म्हणतो, असे तो म्हणाला आणि वृंदातल्या दोघींनी ते नाव तिथल्या तिथे उचलले. मग पुरुषांना ‘पापा’ होण्यावाचून गत्यंतर उरले नाही. त्याआधी जॉनच्या मनात ‘मॅजिक सर्कल’ हे नाव घोळत होते. सुरुवातीच्या काही तबकड्यांवर या दोन शब्दांच्या इंग्रजी अनेकवचनात षष्ठीचे चिन्ह (अ‍ॅपॉस्ट्रफी) चुकून पडलेले आहे. संग्राहक त्या प्रती आवर्जून ओळखतात. देवनागरीत ती चूक करायचीच सोय नाही.

चौघांची मुळे १९६० च्या सुमाराच्या लोकसंगीताच्या लाटेत, मुख्यतः न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज भागात सापडतात. जॉन ‘जर्नीमेन’ या त्रिकुटात होता, डोहर्टी ‘हॅलिफॅक्स थ्री’मध्ये, एलियट ‘बिग थ्री’मध्ये. १९६४ मध्ये डोहर्टी आणि एलियट ‘मगवम्प्स’ या अल्पायुषी गटात एकत्र आले. तो मोडल्यावर त्यातला झाल यानोव्स्की हा जॉन सेबास्टियनबरोबर ‘लव्हिन स्पूनफुल’कडे वळला आणि डोहर्टी जॉन-मिशेलच्या ‘न्यू जर्नीमेन’मध्ये गेला. तिथे त्याने ज्याची जागा घेतली, तो मार्शल ब्रिकमन पुढे पटकथालेखक म्हणून नावाजला.

या सगळ्या उलथापालथीचे सर्वाधिक वापरले गेलेले साधन म्हणजे वृंदाचेच ‘क्रीकी अ‍ॅली’ (१९६७) हे गाणे. त्यात यानोव्स्की, सेबास्टियन, बॅरी मॅग्वायर, ‘बर्ड्स’ या रॉक वृंदाचा मॅग्विन अशी सगळी मंडळी नावानिशी येतात. कॅरिबियन समुद्रातील व्हर्जिन बेटांपैकी सेंट थॉमसवरील एका बोळावरून त्याला हे नाव मिळाले. पण गाणे म्हणजे बखर नव्हे. यमकासाठी क्रम मागेपुढे करणे त्यात ओघानेच आले. जॉन आणि मिशेल यांची आत्मचरित्रे एकाच वर्षी, १९८६ मध्ये, प्रसिद्ध झाली आणि ती एकमेकांना बऱ्याच जागी खोडतात. त्यामुळे १९६५ पूर्वीच्या तारखा ‘सुमारे’ या शब्दासकटच वाचाव्यात.

एलियट वृंदात नेमकी केव्हा आणि कशी आली, हा असाच एक प्रश्न. १९६५ मध्ये न्यू जर्नीमेन व्हर्जिन बेटांवर मुक्कामाला गेले, तंबूत राहिले, पैसे क्रेडिट कार्डावर उडवले. एलियटही तिथे पोहोचली. आवाजाची उंची कमी पडते म्हणून जॉन तिला घेत नव्हता; मग एके दिवशी बांधकामावरची धातूची नळी तिच्या डोक्यात पडली आणि आवाज तीन स्वर वर चढला, ही कथा तिने स्वतः मुलाखतींत सांगितलेली आहे. शरीरशास्त्राच्या दृष्टीने या कथेत काही दम नाही. इतर सांगणाऱ्यांच्या मते जॉनला खटकत होता तो तिचा आवाज नसून देह: पॉप वृंदात इतकी लठ्ठ मुलगी त्याला नको होती, आणि नळीची गोष्ट ही त्या अपमानावर घातलेली शोभिवंत चादर. हे दुसरे मतच अधिक संभवनीय वाटते. तिच्या आवाजाचा पल्ला आधीच्या ‘बिग थ्री’च्या मुद्रणांतही स्पष्ट ऐकू येतो.

१९६५ च्या उत्तरार्धात चौघे लॉस अँजेलिसला आले. ‘ईव्ह ऑफ डिस्ट्रक्शन’ गाऊन तेव्हा प्रकाशात आलेल्या मॅग्वायरने त्यांची गाठ डनहिल रेकॉर्ड्सचा निर्माता लू अ‍ॅडलर याच्याशी घालून दिली.

‘कॅलिफोर्निया ड्रीमिन’ या गाण्याची रचना बहुधा १९६३ ची. न्यूयॉर्कच्या थंडीने आणि घराच्या ओढीने कासावीस झालेली, कॅलिफोर्नियातच जन्मलेली मिशेल हे त्याचे निमित्त. श्रेय जॉन आणि मिशेल दोघांना आहे. चर्चमध्ये शिरण्याचा उल्लेख मिशेलचा आणि तो जॉनला पसंत नव्हता, असे ती सांगते. मिशेलचा वाटा किती यावर मतभेद आहेत. मात्र ध्वनिमुद्रणाचा इतिहास त्याहून गुंतागुंतीचा आहे. गाणे आधी मॅग्वायरच्या आवाजात मुद्रित झाले आणि हे चौघे तिथे केवळ साथीला होते. पुढे अ‍ॅडलरने तोच वाद्यमेळ आणि तीच साथ ठेवून मॅग्वायरच्या जागी डोहर्टीचा आवाज भरला. मधल्या हार्मोनिकाच्या जागेवर बड शँकची आल्टो बासरी आली. जुना आवाज पुरता पुसला गेला नाही: स्टीरिओ प्रतीत एकाच बाजूचे ध्वनिक्षेपक लावले, तर सुरुवातीला मॅग्वायरचा पुसट माग ऐकू येतो, असे अनेक जाणकार सांगतात. हाच शँक १९६२ च्या एका ध्वनिमुद्रिकेत पंडित रविशंकर यांच्यासोबत बासरी वाजवताना भेटतो. त्याच्या वादनातली संथ, आलापासारखी चाल तिथून आली की त्याच्या जॅझमधून, हे ठरवणे अवघड. आल्टो बासरीचा खर्जाकडे झुकलेला नादच तशी चाल सुचवतो.

ध्वनिमुद्रण वेस्टर्न रेकॉर्डर्स येथे झाले. ध्वनिमुद्रक बोन्स हाउ. ड्रमवर हॅल ब्लेन, बास गिटारवर जो ऑस्बॉर्न, कीबोर्डवर लॅरी नेक्टल. सुरुवातीची गिटार पी. एफ. स्लोनची. हे सगळे रोजंदारीवरचे स्टुडिओवादक होते आणि त्या काळच्या लॉस अँजेलिसमधल्या निम्म्याअधिक लोकप्रिय तबकड्यांवर त्यांचाच हात असे. वृंदाची म्हणून जी ओळख, ती केवळ कंठांची.

त्या ओळखीविषयी थोडे विस्ताराने. स्वरमेळाची बांधणी जॉन करी. एक आवाज ओळ म्हणतो आणि ती संपण्याआधीच उरलेले तिचा पडसाद देतात, ही त्याची आवडती रचना. दोन स्त्रिया आणि दोन पुरुष अशी विभागणी असल्यामुळे पडसाद वेगळ्या रंगात येतो. चौघे नीट सुरात लागले की पाचवा, कुणीच न गायलेला स्वर वर ऐकू येई, आणि अदृश्य सशाच्या प्रसिद्ध नाटकावरून त्याला ते ‘हार्वी’ म्हणत, असे सांगितले जाते. यात गूढ काही नाही. दोन स्वरांची कंपने ३:२ किंवा ५:४ अशा सोप्या प्रमाणात जुळली, की त्यांचे उपस्वर (मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणारे वरचे स्वर) एकमेकांवर बसतात आणि बळावतात. जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून तारेला न लावलेला स्वयंभू गंधार उमटतो, तो याच न्यायाने. प्रश्न एवढाच की तबकडीवर ऐकू येणारा दाटपणा या हार्वीचा आहे का. हाउ गायन एकदा मुद्रित करून त्यावर तेच पुन्हा गाऊन घेई, म्हणजे चारांचे आठ आवाज होत. दोन वेळच्या गायनात सुरांचा बारीक फरक राहतोच, आणि तो उपस्वर धूसर करतो. तेव्हा तबकडीवरचा दाटपणा मुख्यतः या दुहेरी मुद्रणाचा, आणि हार्वी तालमीच्या खोलीतला, असे मानणे सयुक्तिक ठरेल.

डिसेंबर १९६५ मध्ये निघालेले हे गाणे १९६६ च्या वसंतात बिलबोर्ड या अमेरिकन नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचले. ‘मंडे, मंडे’ मे १९६६ मध्ये तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि त्याला ग्रॅमीही मिळाले. गाणे संपल्यासारखे थांबते आणि अर्धा स्वर वर चढून पुन्हा सुरू होते, ही त्यातली लक्षात राहणारी जागा. पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिकाही अव्वल ठरली. तिच्या वेष्टनावर चौघे कपड्यांसकट न्हाणीघरातल्या टबात दाटीवाटीने बसलेले दिसतात. कोपऱ्यात कमोडही दिसत होता. तो काहींना अश्लील वाटल्याने पुढच्या प्रतींत त्या जागी गाण्यांच्या नावांची पट्टी छापण्यात आली.

फूट याच काळात पडली. मिशेल आणि डोहर्टी यांचे संबंध उघड झाले. जॉनने त्यावरून ‘आय सॉ हर अगेन’ हे गाणे रचले आणि ते गायला डोहर्टीलाच पुढे केले. (श्रेय दोघांना आहे.) शेवटच्या ध्रुवपदाच्या आधी डोहर्टी वेळेआधीच गाऊ लागतो, अडखळतो आणि पुन्हा सुरुवात करतो. हा कल्पकतेचा भाग नसून टेप चुकीच्या क्षणी चालू केल्याने उरलेला तुकडा होय. अ‍ॅडलरला तो आवडला आणि त्याने तसाच ठेवला. पुढे मिशेलचे नाव ‘बर्ड्स’मधील जीन क्लार्कशी जोडले गेले, तेव्हा जून १९६६ मध्ये उरलेल्या तिघांनी तिला पत्राने काढून टाकले. तिच्या जागी अ‍ॅडलरची मैत्रीण जिल गिब्सन आली. ऑगस्टअखेरपर्यंत मिशेल परतली होती.

या दोन-तीन महिन्यांनी चरित्रकारांना कायमचा व्यवसाय पुरवला आहे. दुसरी ध्वनिमुद्रिका याच काळात तयार होत होती. तिच्यातल्या किती गाण्यांत गिब्सन गाते, किती ठिकाणी तिचा आवाज काढून मिशेलचा भरला, याबद्दल निर्मात्याचे आणि खुद्द गिब्सनचे आकडे जुळत नाहीत. दोघींच्या आवाजांची जात जवळची. शिवाय वरील दुहेरी मुद्रणामुळे कानावर विसंबून निवाडा करणे धोक्याचे. काही गाण्यांत दोघीही असाव्यात, हे मत सर्वांत सावध आणि म्हणूनच स्वीकारार्ह.

१९६७ मध्ये ‘डेडिकेटेड टू द वन आय लव्ह’ दुसऱ्या आणि ‘क्रीकी अ‍ॅली’ पाचव्या क्रमांकावर पोहोचले. जॉनने जुना सोबती स्कॉट मॅकेन्झीसाठी लिहिलेले सॅन फ्रान्सिस्कोविषयीचे गाणे ब्रिटनमध्ये अव्वल ठरले. १६ ते १८ जून १९६७ रोजी कॅलिफोर्नियात झालेल्या माँटेरे पॉप महोत्सवाच्या आयोजनात जॉन आणि अ‍ॅडलर प्रमुख होते. शेवटच्या दिवशी दुपारी पंडित रविशंकर आणि मुंबईकर उस्ताद अल्लारखाँ यांची दीर्घ बैठक झाली. रात्री समारोप या वृंदाने केला. डोहर्टी अगदी ऐन वेळी पोहोचला, तालीम नव्हती, आणि गायन विस्कळीत झाले. ज्यांच्या कल्पनेतून महोत्सव उभा राहिला, त्यांनाच तिथे जिमी हेंड्रिक्स आणि जॅनिस जॉप्लिन यांनी एका फटक्यात जुने ठरवले, हा इतिहासकारांचा शेरा कठोर असला तरी चुकीचा नाही.

ऑक्टोबर १९६७ मध्ये इंग्लंडला जाताना साउथॅम्प्टन बंदरात एलियटला अटक झाली. आधीच्या मुक्कामात लंडनच्या हॉटेलातली पांघरुणे आणि किल्ल्या नेल्याचा आरोप होता. दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने तिला सोडले. त्यानंतरच्या मेजवानीत जॉनने तिचा सर्वांदेखत अपमान केला आणि ती निघून गेली. लंडनचा कार्यक्रम रद्द झाला. फुटीचे कारण म्हणून हा प्रसंग वारंवार सांगतात. तथापि मिशेलच्या हकालपट्टीनंतर चौघांमधला विश्वास मुळातच उरला नव्हता. साउथॅम्प्टनला केवळ शिवण उसवली. चौथी ध्वनिमुद्रिका जॉनच्या बेल एअर येथील घरातल्या पोटमाळ्यावरच्या स्टुडिओत, घड्याळाचा धाक नसल्याने रेंगाळत तयार झाली आणि मे १९६८ मध्ये निघाली. तिच्यातले १९३१ चे जुने गाणे ‘ड्रीम अ लिटल ड्रीम ऑफ मी’ एलियटच्या नावाने वेगळे काढण्यात आले व बाराव्या क्रमांकापर्यंत गेले. तबकडीवर ‘मामा कॅस’ आधी आणि वृंद नंतर, असा नावांचा क्रम होता. त्याच वर्षी वृंद विसर्जित झाला. १९७१ ची ‘पीपल लाइक अस’ कंपनीने दाव्याची धमकी दिल्यावर निघाली. चौघे क्वचितच एका वेळी स्टुडिओत होते आणि ते ऐकताना कळते.

जॉनने १९८० च्या दशकात नव्या गायकांसह वृंदाच्या नावाने दौरे केले. बीच बॉइजच्या ‘कोकोमो’ (१९८८) या गाण्याच्या चार रचनाकारांत तो होता. डोहर्टीने कॅनडात लहान मुलांच्या मालिकेत काम केले. मिशेल चित्रपट व दूरचित्रवाणीकडे गेली. तिची आणि जॉनची मुलगी चायना ही पुढे ‘विल्सन फिलिप्स’ या त्रिकुटात गाजली. १९९८ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये वृंदाचा समावेश झाला, तेव्हा एलियटच्या वतीने तिची मुलगी ओवेन हजर होती. एलियट २९ जुलै १९७४ रोजी, पॅलेडियम नाट्यगृहातले कार्यक्रम संपवल्यानंतर, लंडनमध्ये ३२ व्या वर्षी वारली. सँडविच घशात अडकून ती गेली, ही वदंता अजूनही छापली जाते. शवविच्छेदनात घशात अन्न आढळले नाही. मृत्यू हृदयविकाराने झाला होता.