परदेशी खलनायक (व्यावसायिक कुस्ती)

परदेशी खलनायक : व्यावसायिक कुस्तीत दुसऱ्या देशात जाऊन ठरवून दुष्टाची भूमिका करणारा मल्ल. या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो. आपल्याकडे जिला ‘नुरा कुस्ती’ म्हणून नाके मुरडतात तीच ही, फक्त फसवणूक म्हणून नव्हे तर नाटक म्हणून, उघड धंद्याच्या रूपात चाललेली. अमेरिकेत दुष्ट मल्लाला ‘हील’ व सज्जनाला ‘बेबीफेस’ म्हणतात, मेक्सिकोत ‘रूदो’ व ‘तेक्निको’. जपानीत खलपुरुषाला ‘आकुयाकु’ हा शब्द आहे. प्रेक्षकांचा दुष्टावरचा राग म्हणजे ‘हीट’. तो जितका तापेल तितकी पुढच्या लढतीची तिकिटे खपतात.

परक्या मुलुखात जाऊन शिव्या खाण्याची हौस कोणाला असेल, असे वाटणे साहजिक आहे. पण मल्लाच्या बाजूने पाहिले तर हिशोब सरळ आहे. नायकाची गादी त्या देशात आधीच कोणीतरी धरून बसलेला असतो आणि ती मिळवायला वर्षे जातात. त्या नायकासमोर उभा राहायला मात्र दर हंगामात नवा माणूस लागतो. म्हणजे खलनायक म्हणून उतरणारा पाहुणा पहिल्याच आठवड्यात मुख्य लढतीत, आणि मुख्य लढतीच्या बिदागीपर्यंत, पोहोचू शकतो. भाषेचीही अडचण नाही. नायकाला लोकांशी त्यांच्या बोलीत बोलावे लागते. दुष्टाला भाषा येत नसेल तर ते उलट पथ्यावरच पडते. तो गुरगुरतो आणि बोलायचे काम त्याचा मॅनेजर करतो. शिवाय जुन्या पद्धतीत लढतीची लगाम खलनायकाच्या हाती असे. कधी मार द्यायचा, कधी नायकाला उठू द्यायचे, गर्दीला आशा केव्हा दाखवायची, हे तोच रिंगमध्ये हलक्या आवाजात ठरवी. कसबी मल्लांना ही भूमिका प्रिय असण्याचे खरे कारण प्रस्तुत लेखकाच्या मते पैशापेक्षा हेच असावे. आणि उपग्रह वाहिन्या येण्यापूर्वी एक सोय आणखी होती : परदेशात कितीही बदनामी झाली तरी ती घरापर्यंत येत नसे.

या भूमिकेचा सर्वांत ठसठशीत नमुना भारतीय वंशाचाच आहे. पंजाबातील लुधियाना जिल्ह्यात जन्मलेला जगजित सिंग हंस कॅनडात गेला, फ्रेड ॲटकिन्सकडे शिकला आणि ‘टायगर जीत सिंग’ या नावाने टोरांटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये गर्दी खेचू लागला. 1973 मध्ये तो जपानला पोहोचला तेव्हा तिथे त्याची जागा जणू रिकामीच होती. आदल्याच वर्षी अंतोनियो इनोकी याने ‘न्यू जपान प्रो-रेसलिंग’ आणि त्याचा जुना जोडीदार जायंट बाबा याने ‘ऑल जपान’ अशा दोन संस्था काढल्या होत्या. अमेरिकेतील प्रवर्तकांचे मोठे जाळे बाबाच्या बाजूला असल्यामुळे नामांकित अमेरिकी मल्ल त्याच्याकडे जात. इनोकीला नाव नसलेल्या माणसातून राक्षस घडवणे भाग होते.

5 नोव्हेंबर 1973 रोजी तोक्योच्या शिंजुकू भागात, इसेतान या मोठ्या दुकानाबाहेर, पत्नीसोबत खरेदीला आलेल्या इनोकीवर सिंगने भर रस्त्यात हल्ला केला. इनोकी रक्तबंबाळ झाला, पोलीस आले, वर्तमानपत्रांत मथळे झळकले. हा बनाव होता की नाही यावर जपानी रसिक पुढे अनेक वर्षे वाद घालत राहिले. आणि वाद चालू राहणे हेच तर या धंद्याचे भांडवल. पुढच्या जून महिन्यात ओसाका येथे इनोकीने सिंगचा हात ‘मोडला’. मार्च 1975 मध्ये हिरोशिमा येथे सिंगने इनोकीकडून एनडब्ल्यूएफ (नॅशनल रेसलिंग फेडरेशन) या कुस्ती संघटनेचा किताब हिसकावला आणि जूनमध्ये इनोकीने तो परत मिळवला. दुष्टाचा विजय थोडाच काळ टिकवायचा असतो, एवढाच की लोकांनी सूड पाहायला पुन्हा तिकीट काढावे.

सिंग पगडी बांधून, हातात तलवार घेऊन प्रेक्षकांत घुसे आणि खुर्च्या सोडून लोक सैरावैरा पळत. मारताना तो बहुधा तलवारीची मूठच वापरी, पाते नव्हे. शीख परंपरेत रक्षणाचे प्रतीक असलेले शस्त्र येथे निव्वळ दहशतीचे साधन झाले. या भूमिकेची ही किंमत होती आणि ती त्याच्या एकट्याच्या नव्हे तर समाजाच्या खात्यावरही पडली, हे नाकारता येत नाही. 1981 मध्ये तो इनोकीला सोडून बाबाच्या संस्थेत गेला. कॅनडात त्याची ओळख वेगळीच राहिली. ऑन्टारियोतील मिल्टन येथे एका सरकारी शाळेला त्याचे नाव आहे.

जपानला परदेशी खलनायकाची सवय त्याच्याही आधीपासून होती. 1954 मध्ये रिकिदोझान या माजी सुमो मल्लाने शार्प बंधूंशी लढती केल्या, तेव्हा चौकाचौकांत मांडलेल्या दूरचित्रवाणी संचांसमोर माणसे दाटीवाटीने उभी राहिली. युद्धात हरलेल्या देशाला धिप्पाड गोरे प्रतिस्पर्धी लोळताना पाहायचे होते. (रिकिदोझान स्वतः कोरियात जन्मलेला होता, ही गोष्ट तेव्हा लपवून ठेवली गेली. नायकही कधीकधी परदेशी असतो.) 1962 मध्ये दात कानशीने घासून चावे घेणाऱ्या फ्रेड ब्लासीच्या लढतीतील रक्त घरच्या पडद्यावर पाहून काही वृद्ध प्रेक्षक दगावल्याच्या बातम्या आल्या. याच ब्लासीने पुढे जपानी तरुणीशी लग्न केले.

उलट्या दिशेची वाहतूकही मोठी आहे. जपानी संस्था आपल्या तरुण मल्लांना अनुभवासाठी परदेशी धाडतात आणि तिथे ते बहुतेकदा दुष्ट म्हणूनच उभे राहतात. 1989 मध्ये अमेरिकेत गाजलेला, तोंड रंगवून हिरवा फवारा थुंकणारा ‘ग्रेट मुता’ म्हणजे केइजी मुतो हा त्यांतलाच. युद्धानंतरच्या अमेरिकेत तर परदेशी असण्याचीही गरज उरली नव्हती. कपटी जपान्याची भूमिका करणारा ‘ग्रेट तोगो’ ओरेगॉनमध्ये जन्मलेला होता, जर्मन ‘हान्स श्मिट’ क्वेबेकचा फ्रेंचभाषक आणि ‘सुदानचा’ अब्दुल्ला द बुचर कॅनडातील विंडसरचा. निकोलाय वोल्कॉफची गोष्ट सर्वांत गमतीची : युगोस्लाव्हियातील कम्युनिस्ट राजवटीतून पळालेला हा माणूस अमेरिकी रिंगमध्ये उभा राहून सोव्हिएत राष्ट्रगीत गाई.

त्याचा जोडीदार ‘आयर्न शीक’ मात्र खरोखरच इराणी होता. होसेन खोसरो वझिरी हा अस्सल ग्रीको-रोमन मल्ल. तेहरानमधील अमेरिकी दूतावासाच्या ओलीस प्रकरणाचा राग ताजा असताना त्याने ‘इराण नंबर वन’ असे ओरडणे म्हणजे आगीत तेल होते. 26 डिसेंबर 1983 रोजी त्याने तेव्हाचा अमेरिकी विजेता बॉब बॅकलंड याच्याकडून किताब घेतला आणि चार आठवड्यांनी, 23 जानेवारी 1984 रोजी, तो नवा नायक हल्क होगन याच्या हवाली केला. होगनचे युग तिथून सुरू झाले असे सगळेच सांगतात; पायरी कोण झाला हे कमी जण सांगतात. जोखीम खरी असे. रिंगपासून खोलीपर्यंतच्या वाटेवर अशा मल्लांवर बाटल्या, नाणी, प्रसंगी चाकूही चालत.

मुंबईनेही असा पाहुणा पाहिला आहे. 1950–60 च्या दशकांतील ‘फ्रीस्टाइल’च्या दंगलींत, वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमच्या त्या जमान्यात, दारासिंगसमोरचा आडदांड ‘किंग काँग’ म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेला एमिल चाया. कोल्हापूरच्या खासबागेत मातीची कुस्ती पाहणाऱ्या जाणत्यांनी त्या खेळाला कुस्ती मानले नाही, पण पोस्टरे लागली की माणसे जात.

उपग्रह वाहिन्यांनी आणि इंटरनेटने देशांमधली भिंत पाडल्यावर हा हिशोब बिघडला. 21 मे 2017 रोजी कॅलगरीचा युवराज सिंग धेसी ‘जिंदर महल’ या नावाने रँडी ऑर्टनला हरवून डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती कंपनीचा विजेता झाला. अमेरिकेत तो पगडीधारी सेवक दिमतीला घेऊन पंजाबीत भाषणे देणारा उद्धट परका, पण कंपनीला भारताची बाजारपेठ हवी होती आणि भारतात तोच आपला माणूस. एकाच वेळी एका देशात दुष्ट आणि दुसऱ्यात नायक राहणे काही जमेना. डिसेंबर 2017 मध्ये नवी दिल्लीत ट्रिपल एच या अमेरिकी मल्लाने त्याला हरवले आणि मग दोघांनी रिंगमध्येच भांगडा केला.