फॅशन डिझायनर (वस्त्रनिर्मितीतील भूमिका)

कपड्याचे रूप, कापड, माप आणि शिवणीची पद्धत ठरवणारा व्यावसायिक. लोकांना दिसते ते त्याचे रेखाचित्र. धंद्यात मात्र कात्री चालण्यापूर्वी त्याने काय ठरवले, यावर सारे अवलंबून असते.

मोठ्या कारखान्यात कामे वाटलेली असतात. डिझायनर नमुना ठरवतो, पॅटर्न मास्टर त्याचे कागदी कटिंग म्हणजे पॅटर्न करतो, मर्चंडायझर खर्च आणि तारखा सांभाळतो. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या छोट्या बुटीकमध्ये हे सगळे बहुधा एकाच व्यक्तीच्या अंगावर येते. गिऱ्हाईक बाईशी अहिराणीत बोलून तिला नेमके काय हवे ते काढून घेणे, हेही त्यातच आले.

कापडाची पारख हे पायाभूत कौशल्य. खानदेशची काळी जमीन कापसाची, पण इथली बरीच रुई जिनिंग-प्रेसिंगमधून गाठी होऊन बाहेर जाते. दुकानांत मात्र शेजारच्या सुरतेचे सिंथेटिक कापड भरपूर असते. त्यात लग्नसराई भर उन्हाळ्यातली आणि जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास. अशा वेळी जॉर्जेटच्या घागऱ्याला सुती अस्तर लावणे हाच शहाणपणा. इथेच अनुभव लागतो. पॉलिएस्टर जॉर्जेट धुतल्यावर सहसा आटत नाही, सुती अस्तर आटते. 40 इंचांचे अस्तर 5 टक्के आटले तर 2 इंच वर चढते. खालचा घेर पारदर्शक दिसतो आणि दोन्ही कापडे एकत्र शिवली असतील तर शिवणीला चुण्या पडतात. म्हणून अस्तर आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापावे. शेकड्याने माल काढताना प्रत्येक ताग्याचा तुकडा धुऊन आट मोजतात आणि ती पॅटर्नमध्ये धरतात. वरच्या उदाहरणात पॅटर्नची लांबी 42 इंचांहून किंचित जास्त येईल.

यानंतर सॅम्पल शिवून अंगावर पाहतात. हात वर केल्यावर कुर्ता ओढला जात असेल तर दोष बहुधा मुंढ्यात (बाही जोडतात त्या भागात) असतो. नुसती छाती सैल करून तो जात नाही. फिटिंग पक्के झाले की इतर मापांचे ग्रेडिंग होते, म्हणजे तोच पॅटर्न लहान-मोठ्या मापांत काढतात, आणि कापडावर पॅटर्नची मांडणी केली जाते. एकाच दिशेची छपाई असेल तर तुकडे उलटसुलट बसवता येत नाहीत, कापड जास्त लागते आणि किंमत वाढते. शिवणीची जागा, धागा, बटणे, मापातली चालणारी तफावत हे सगळे टेक पॅकमध्ये (शिवणीच्या लेखी सूचनांत) लिहून शिलाई विभागाकडे जाते.

दिल्लीत 1986 मध्ये राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था (निफ्ट) स्थापन झाली, पुढे मुंबईतही तिचे केंद्र आले. आयटीआयमध्येही फॅशन डिझाइनचा अभ्यासक्रम असतो. शिक्षण कुठेही झाले तरी नव्या डिझायनरने काही काळ जुन्या शिंप्याच्या कटिंग टेबलापाशी काढलाच पाहिजे. मुंढ्याची बैठक आणि उरेब (तिरप्या कापलेल्या) कापडाचा झोळ ही मंडळी हाताने ओळखतात, आणि तयार कपड्याच्या श्रेयात त्यांचाही वाटा मोठा असतो.