हाकेला ओ न देणारी मांजर

पाहुणे आले की पलंगाखाली शिरणारी बुजरी मांजर उघड्या दारातून बाहेर निसटली, की घरची माणसं तिला हाका मारत दूरदूरपर्यंत फिरून येतात. मांजर मात्र बहुतेक वेळा दाराजवळच कुठेतरी अंग चोरून बसलेली असते. हाका तिला ऐकूही येत असतात. मग ती ओ का देत नाही?

मांजर शिकारी प्राणी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ती लहान असल्यामुळे मोठ्या प्राण्यांचं भक्ष्यही होऊ शकते, हे सहसा लक्षात येत नाही. ओळखीचे वास नाहीसे झाले की तिचा मेंदू धोक्याचा अर्थ लावतो आणि जो पहिला आडोसा दिसेल त्यात ती घुसते. अशा वेळी आवाज करणं म्हणजे आपला ठावठिकाणा स्वतःच सांगणं. त्यामुळे एरवी जेवणासाठी घर डोक्यावर घेणारी मांजरही तोंडातून चकार शब्द काढत नाही.

जपानमधल्या अत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यानं 2013 मध्ये पाळीव मांजरांना अनोळखी माणसांचे आणि मालकाचे रेकॉर्ड केलेले आवाज ऐकवले. मालकाचा आवाज मांजरांनी ओळखला, पण ते दिसून आलं फक्त कान आणि मान वळवण्यातून. उठून आवाजाकडे जाणं किंवा म्याव करणं जवळजवळ नाहीच. हे निवांत घरात बसलेल्या मांजरांचं. भेदरलेलीकडून कसली अपेक्षा ठेवायची!

हरवलेल्या 1210 मांजरांच्या मालकांकडून माहिती घेऊन केलेला एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. सुमारे एक तृतीयांश मांजरं सात दिवसांत जिवंत मिळाली होती. सापडलेल्यांपैकी 75 टक्के निसटल्या जागेपासून 500 मीटरच्या आत होती, आणि कायम घरातच राहणारी मांजरं बाहेर हिंडणाऱ्यांपेक्षा कमी लांब गेलेली होती. पोस्टर जरूर लावा, पण माझ्या मते पहिला जोर घराभोवतीच्या जागेवरच हवा.

शोधायचं म्हणजे वाकून, प्रसंगी जमिनीवर आडवं होऊन. जिन्याखालची अडगळ, उभ्या गाडीचा खालचा भाग, दाट झुडपाचा बुंधा, रचलेल्या विटांमागची फट. डोकं जाईल एवढ्या फटीतून बहुतेक मांजरांचं अंगही जातं, कारण त्यांच्या गळपट्टीचं हाड खांद्याच्या सांगाड्याला घट्ट जोडलेलं नसतं. शेजाऱ्यांना ‘दिसली तर सांगा’ एवढंच म्हणू नका. लपलेली मांजर दिसत नाही, म्हणूनच तर ती लपलेली आहे. परवानगी घेऊन त्यांची खोपटी, गॅरेज स्वतः तपासा.

उत्तम वेळ रात्री उशिराची, वर्दळ थांबल्यावर. मांजराच्या डोळ्यात दृष्टिपटलामागे प्रकाश परत फेकणारा थर असतो. त्यामुळे टॉर्चच्या झोतात डोळे हिरवट-पिवळे लकाकतात. मात्र टॉर्च स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर धरायला हवा. कमरेशी धरला, तर परतणारा उजेड आपल्या नजरेत येतच नाही आणि आपण तिच्यासमोरून निघून जातो.

डोळे दिसले की झडप घालू नका. घाबरून पळालेली मांजर दुसऱ्यांदा आणखी अवघड जागी दडते. बाजूला तोंड करून खाली बसा, हळू आवाजात बोला, थोडं खाणं ठेवा. जवळ येतच नसेल तर खाणं ठेवलेला पिंजरा लावावा, पण वर कापड टाकून आणि सतत नजर ठेवून. आत अडकलेल्या मांजराला कुत्र्यापासून पळता येत नाही. मलमूत्राचा ट्रे बाहेर ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला फारसा पटत नाही. तो वास परिसरातल्या बोक्यांनाही पोचतो, आणि बोका दारात ठाण मांडून बसला तर बुजरी मांजर आणखी आत सरकते.

दिरंगाई मात्र नको. काही दिवस पोटात अन्न नसलं की मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते, आणि हा आजार जीवघेणा ठरू शकतो. बरेच दिवस उपाशी राहिलेली मांजर हाती लागली तर तिला एकदम पोटभर वाढू नका. थोडं पाणी द्या आणि पशुवैद्याला विचारूनच आहार वाढवा.