दोन्ही सारखंच दिसतंय

"आता बरं, की मघाशी बरं होतं?" चष्म्याचा नंबर काढणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्ट मुलीने भिंग फिरवून तिसऱ्यांदा विचारलं, तशी आई माझ्याकडे वळली. नाकावर ती भिंगं बदलून बघायची जड ट्रायल फ्रेम, चेहऱ्यावर काळजी. "अगं, मला दोन्ही सारखंच दिसतंय. काय सांगू हिला?" ती मुलगी हसून म्हणाली, "काकू, हेच तर हवं होतं मला," आणि तिने कागदावर आकडा लिहिला.

त्या खुर्चीत बसलं की बहुतेकांना तोंडी परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. चुकीचं उत्तर दिलं तर नंबर चुकेल म्हणून आपण डोळे बारीक करतो, अक्षरं अंदाजाने ओळखतो, "परत दाखवा" म्हणायला संकोचतो. नंबर चुकतो तो यानेच. डोळे बारीक केले की प्रकाश अरुंद फटीतून आत जातो आणि नंबर असलेल्या डोळ्यालाही थोडं स्पष्ट दिसतं. तपासणाऱ्याला मग खरा डोळा कळतच नाही.

भिंतीवरच्या तक्त्यापासूनच सुरुवात करू. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरातले नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन यांनी तो १८६२ साली तयार केला. वर्तुळाच्या एका अंशाचे ६० भाग केले की एक कला होते. ६/६ च्या ओळीतलं अक्षर ६ मीटरवरून पाहिलं तर ते डोळ्याशी बरोबर ५ कलांचा कोन करतं आणि त्याच्या प्रत्येक रेघेची जाडी १ कला भरते. मोजपट्टी लावलीत तर अक्षराची उंची सुमारे पावणेनऊ मिलिमीटर आणि रेघ पावणेदोन मिलिमीटर. ६/१२ म्हणजे चांगल्या नजरेच्या माणसाला जे १२ मीटरवरून वाचता येतं, त्यासाठी तुम्हाला ६ मीटरवर यावं लागतं. दुकानात एवढी लांबी कुठली असायला? म्हणून तक्ता डोक्यामागे टांगतात आणि समोर आरसा लावतात. ३ मीटरची खोली ६ मीटरची होते.

त्याआधी एका यंत्रावर हनुवटी टेकवून रस्त्याच्या टोकाचा रंगीत फुगा बघायचा असतो. फुगा धूसर होतो, मग स्पष्ट होतो. हे यंत्र न दिसणारा अवरक्त प्रकाश डोळ्यात सोडतं आणि डोळ्याच्या आतल्या पडद्यावरून परतणाऱ्या प्रकाशावरून नंबराचा अंदाज बांधतं. फुगा मुद्दाम धूसर करतात तो डोळ्याने लांब बघितल्यासारखं सैलावावं म्हणून. लहान मुलांचे डोळे मात्र सहजी सैलावत नाहीत. त्यांच्या डोळ्यातलं भिंग इतकं लवचिक असतं की यंत्र नसलेला मायनस नंबर दाखवू शकतं. मुलांच्या डोळ्यांत थेंब घालून नंबर काढतात तो याचसाठी, आणि थेंबांचा कंटाळा करून नुसत्या यंत्राच्या चिठ्ठीवर मुलाचा चष्मा करू नये असं मला कळकळीने वाटतं.

मायनस नंबरात आणखी एक चकवा आहे. गरजेपेक्षा जास्त मायनसचं भिंग लावलं की अक्षरं लहान पण काळी कुळकुळीत दिसतात आणि तरुण माणूस खुशीत सांगतो, "हे भारी आहे!" प्रत्यक्षात त्याच्या डोळ्यातलं भिंग ती जादा पॉवर भरून काढायला सतत ताणलेलं असतं. संध्याकाळी डोकं दुखतं. हा चकवा पकडायला लाल-हिरव्या पट्टीची अक्षरं असतात. हिरवा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त वाकतो, त्यामुळे डोळ्यात हिरवं चित्र थोडं अलीकडे आणि लाल थोडं पलीकडे तयार होतं. दोहोंत फरक असतो साधारण अर्ध्या नंबराचा. हिरव्यातली अक्षरं जास्त ठळक दिसली तर मायनस जास्त झालाय, लाल ठळक दिसली तर कमी पडतोय. दोन्हीकडे सारखी दिसली की पिवळा प्रकाश नेमका पडद्यावर आला. इथेही हवं असलेलं उत्तर 'सारखंच' हेच!

आईसमोर फिरवलेलं भिंग होतं सिलिंडरच्या नंबरासाठीचं. डोळ्याची पुढची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, चेंडूसारखी सर्व बाजूंनी एकसारखी नसून अंड्यासारखी एका दिशेला जास्त वाकलेली असेल, तर उभ्या रेघा स्पष्ट आणि आडव्या पुसट असं काहीतरी होतं. इंग्लंडमधले खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांना स्वतःच्या डाव्या डोळ्यात हा दोष सापडला आणि १८२५ साली त्यांनी त्यासाठी दंडगोल भिंग करवून घेतलं. आज दांडीवर बसवलेलं एक छोटं भिंग उलटसुलट करून सिलिंडरचा नंबर आणि त्याची दिशा पक्की करतात. या तपासणीत दोन्ही बाजूंना थोडं धूसर दिसणं अपेक्षितच असतं. विचारायचं असतं, कमी धूसर कुठलं? आणि दोन्ही सारखंच धूसर दिसलं की नंबर जुळला.

नंबर म्हणजे डायॉप्टर. फ्रेंच नेत्रवैद्य फेर्दिनां मोनोये यांनी हे एकक १८७२ साली सुचवलं. एकाला मीटरमधल्या नाभीय अंतराने भागायचं की झालं. भिंगं पाव-पाव नंबराच्या पायऱ्यांनी मिळतात, आणि त्यासाठी आपल्या भाषेइतकी सोयीची भाषा नसेल. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच. ट्रायलच्या पेटीतल्या प्रत्येक भिंगाला मराठीत नाव आहे!

चाळिशी हा शब्दही असाच नेमका. ४० सेंटिमीटरवर पुस्तक धरलं की डोळ्याला जादा अडीच नंबर लागतो. लहानपणी डोळ्यातलं भिंग दहाच्या वर नंबर सहज पुरवतं. चाळिशीपर्यंत ते कडक होत होत चार-पाचावर येतं, आणि त्यातला अर्धाच भाग न थकता वापरता येतो. हिशोब बरोबर तिथेच तुटतो. साठीनंतर डोळ्याकडे जवळपास काहीच उरत नाही आणि सगळे अडीच चष्म्याला द्यावे लागतात. म्हणून वाचायची भर सहसा अडीचच्या आसपास थांबते.

इथवर नीट झालं तरी चष्मा बिघडू शकतो. दोन वर्षांपूर्वी मी मोठ्या काचांची फ्रेम घेतली. नंबर तोच, मायनस चार. आठवड्याभरात कपाळ ठणकायला लागलं. दुसरीकडे तपासून घेतला तर नंबर अचूक निघाला, पण दोन काचांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर ६९ मिलिमीटर. माझ्या बाहुल्यांमधलं अंतर ६१. प्रत्येक डोळा मध्यापासून ४ मिलिमीटर बाजूने बघत होता. भिंगाच्या कडेने बघितलं की ते लोलकासारखं वागतं. चार नंबर आणि ०.४ सेंटिमीटर यांचा गुणाकार १.६, म्हणजे १ मीटरवरची वस्तू प्रत्येक डोळ्याला १.६ सेंटिमीटर सरकलेली दिसते, आणि दोन्ही चित्रं जुळवायला डोळ्यांचे स्नायू दिवसभर झटतात. हे अंतर मोजायला अर्धं मिनिट लागतं. ते चिठ्ठीवर लिहून मागा.

काचांच्या यादीतलं अँटी-ग्लेअर घ्यावं. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो, रात्री गाडी चालवताना तो चांगलाच जाणवतो. निळा प्रकाश अडवणाऱ्या ब्लू कटसाठी जादा पैसे मात्र मी देत नाही. २०२३ मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा थकवा त्याने कमी होतो असं दिसलं नाही. आणि नंबर काढणं म्हणजे डोळे तपासणं नव्हे. काचबिंदूत ६/६ दिसत असतानाही नजरेची कड हळूहळू जात असते. त्यासाठी नेत्रतज्ज्ञाकडेच जायला हवं. मधुमेह असेल तर साखर स्थिर असताना नंबर काढावा, कारण साखरेबरोबर नंबरही हलतो.

आईने प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं आणि जवळचं एकाच काचेतून दिसणारा चष्मा, घ्यायचं ठरवलं. फ्रेम निवडल्यावर त्या मुलीने तिला सरळ बसवलं, स्वतः तिच्या डोळ्यांच्या पातळीला वाकली आणि मार्करने दोन्ही डमी काचांवर बाहुलीच्या नेमका समोर एकेक ठिपका दिला. मग आईला उभं करून, चार पावलं चालवून पुन्हा बसवलं. चालून आल्यावर फ्रेम नाकावरून थोडी घसरली होती. तिने पॅड दाबून घेतले, जुने ठिपके पुसले आणि नवे दिले.